फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅनमधील व्हिस्कस कपलिंग: बिघाड कसा ओळखावा

पुढच्या आणि मागच्या धुरेला दाट द्रवाच्या मदतीने जोडणाऱ्या व्हिस्कस कपलिंगला ना वायर असते, ना सेन्सर, ना डॅशबोर्डवर दिवा. तो एक बंद डबा आहे आणि आतले सारे काम नजरेआड चालते. त्यामुळे फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन वळणावर अडखळू लागली, की अनुमानाने कपलिंगला दोष देण्याची, आणि तितक्याच अनुमानाने ते निर्दोष ठरवण्याचीही, सवय सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात थोडी मोकळी जागा, एक जॅक, एक लांब दांडा, खडू आणि घड्याळ एवढ्या साहित्यावर बऱ्यापैकी खात्रीचे निदान करता येते. अट एकच आहे: प्रत्येक चाचणी गाडी थंड असताना आणि गरम झाल्यावर अशी दोनदा करावी आणि आकडे लिहून ठेवावेत. एकाच चाचणीवरून दिलेला निकाल बहुधा चुकतो, कारण या यंत्राचा स्वभावच तापमानाबरोबर बदलणारा आहे.

आत काय घडते

कपलिंगच्या डब्यात पातळ पोलादी चकत्यांची रास असते. एक चकती बाहेरच्या डब्याच्या खाचांत अडकलेली, पुढची मधल्या शाफ्टच्या खाचांत, अशी ती एकाआड एक रचलेली असते. चकत्यांना भोके आणि चिरा असतात, आणि त्यांच्यामध्ये अतिशय दाट सिलिकॉन द्रव भरलेला असतो. डबा काठोकाठ भरत नाहीत. द्रव तापून फुगला तर त्याला जागा मिळावी म्हणून थोडी हवा मुद्दाम ठेवतात. दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरत असतील, तर कपलिंग जवळजवळ काहीच करत नाही. वेगात फरक पडला की चकत्या द्रवाला कापत फिरतात, द्रव विरोध करतो आणि त्या विरोधातूनच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दुसऱ्या बाजूला जातो.

वेगातला फरक बराच वेळ टिकला, की द्रव तापतो. सुरुवातीला तापलेला द्रव पातळ होतो आणि कपलिंग किंचित हलके पडते. पण तापमान आणखी वाढले, की फुगलेला द्रव उरलेली हवा दाबून टाकतो, आतला दाब झपाट्याने चढतो, चकत्या एकमेकींवर घासू लागतात आणि कपलिंग जवळजवळ घन जोडणीसारखे धरते. या अवस्थेला जाणकार ‘हंप’ म्हणतात. चिखलात चाक फिरत राहिले असता ती उपयोगी पडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती गिअर, शाफ्ट आणि टायर या सर्वांचे नुकसान करते.

म्हणून बिघाडाच्या दोन दिशा संभवतात. द्रव जुना होऊन दाट झाला, त्यात धातूचा चुरा मिसळला किंवा चकत्या विद्रूप झाल्या, तर कपलिंग जड होते. सील झिजून द्रव गळाला, तर ते सैल होते. सैल कपलिंगने गाडी चिखलात अडकते, एवढेच होते. जड कपलिंग मात्र पुढचा किंवा मागचा डिफरन्शिअल (धुरेच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरयंत्रणा) आणि गिअरबॉक्स यांच्यावर दररोज, प्रत्येक वळणावर, ताण टाकत राहते. म्हणून पुढील विवेचनाचा मोठा भाग जड कपलिंगविषयी आहे.

गाडीची रचना आधी ओळखा

ही पायरी गाळल्यास पुढच्या चाचण्या चुकीचे उत्तर देतील, आणि एखादी तर चांगले कपलिंग जाळून टाकेल. व्हॅनमध्ये कपलिंग दोन प्रकारे बसवलेले आढळते.

पहिल्या प्रकारात ते मालिकेत असते: एक धुरा इंजिनशी कायम जोडलेली, आणि दुसऱ्या धुरेला मिळणारा सारा टॉर्क कपलिंगमधूनच जाणारा. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे श्टायर-डाइमलर-पुख कंपनीने जोडलेली, १९८५ ते १९९२ या काळातील फोक्सवॅगन टी-३ सिंक्रो हे याचे ठळक उदाहरण होय. तिचे इंजिन मागे, मुख्य चालन मागच्या चाकांना, आणि कपलिंग पुढच्या डिफरन्शिअलच्या तोंडाशी आहे. त्यानंतरच्या टी-४ सिंक्रोत इंजिन पुढे गेले आणि कपलिंग मागच्या धुरेकडे आले, पण तत्त्व तेच राहिले.

दुसऱ्या प्रकारात पुढच्या आणि मागच्या धुरेमध्ये खरा सेंटर डिफरन्शिअल असतो आणि कपलिंग त्याला समांतर बसवलेले असते. टॉर्क वाहून नेणे हे त्याचे मुख्य काम नसते, तर दोन धुरांच्या वेगातला फरक हाताबाहेर जाऊ न देणे हे असते. मित्सुबिशी डेलिका स्पेस गिअरमधील सुपर सिलेक्ट पद्धत या वर्गातली आहे. तिच्यात टू-एच (दोन चाकांना चालन), फोर-एच (चारही चाकांना), फोर-एच-एल-सी (चारही, सेंटर डिफरन्शिअल लॉक करून) आणि फोर-एल-एल-सी (तेच, मंद गिअरमध्ये) असे पर्याय असतात आणि कपलिंगचा संबंध मुख्यतः फोर-एचशी येतो. जुन्या पार्ट-टाइम, म्हणजे दुसरी धुरा गरजेपुरतीच जोडण्याच्या, पद्धतीच्या व्हॅनमध्ये मात्र कपलिंगच नसते. अशा गाडीत लिव्हर फोर-व्हीलमध्ये ठेवून डांबरी रस्त्यावर वळल्यास ती अडखळणारच. तो दोष नव्हे, वापराची चूक आहे.

संशयितांची यादी छोटी करा

वळणावर गाडी ओढल्यासारखी वाटणे, स्टीअरिंग आपोआप सरळ न होणे, पूर्ण वळवलेल्या स्टीअरिंगवर टायर चिरकणे, गाडी उड्या मारत पुढे जाणे, वळण घेऊन थांबल्यावर गिअर सहज न निघणे आणि गाडी किंचित मागे सरकताच ‘टक’ असा आवाज होऊन ताण सुटणे, ही सारी जड कपलिंगची लक्षणे आहेत. परंतु यांतले एकही लक्षण फक्त कपलिंगचे नाही. अडकलेला ब्रेक, मागच्या डिफरन्शिअलचे गुंतून राहिलेले लॉक (दोन्ही चाके एकत्र बांधणारी सोय), जाम झालेले सी-व्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे) किंवा बॉल जॉइंट (स्टीअरिंग-सस्पेन्शनचे सांधे) हीदेखील अशीच तक्रार उत्पन्न करतात.

ब्रेकची तपासणी सोपी आहे. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावून पुढची दोन्ही चाके उचला आणि गाडी पक्क्या घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नये. आता एक पुढचे चाक हाताने फिरवा. दुसरे चाक उलट दिशेने सहज फिरले पाहिजे. या स्थितीत डिफरन्शिअलची पेटी जागेवर राहते, कपलिंगवर काहीच येत नाही, म्हणून इथे जाणवणारा प्रत्येक अडथळा हा ब्रेकचा, बेअरिंगचा किंवा जॉइंटचा असतो. तो आधी दूर करा. मग मागची दोन्ही चाके उचलून, पुढच्या चाकांना उटी लावून, हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये हीच कृती करा. मागची दोन्ही चाके एकाच दिशेने आणि एकमेकांना बांधल्यासारखी फिरली, तर लॉक गुंतलेले राहिले असण्याची शक्यता मोठी. टी-३ सिंक्रोचे लॉक निर्वाताच्या (व्हॅक्यूमच्या) नळ्यांवर चालते. वर्षानुवर्षे न वापरलेले लॉक गुंतलेल्या अवस्थेत अडकणे अशक्य नाही.

यानंतर टायर. इथे मी वाचकाला जरा थांबवू इच्छितो, कारण कपलिंगच्या अकाली मरणामागे टायरची विषमता हे कारण जितके साधे तितकेच दुर्लक्षित आहे. एक हिशोब करून पाहू. पूर्ण वळवलेल्या स्टीअरिंगवर, पुढच्या चाकांचा सरासरी कोन ३० अंश धरला, तर पुढच्या धुरेचा मार्ग मागच्या धुरेपेक्षा सुमारे १५ टक्के लांब असतो. चालण्याच्या वेगाने, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने, चाकाचा परीघ २ मीटर आणि डिफरन्शिअलचे गुणोत्तर ५ (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या पाच फेऱ्या) धरल्यास, कपलिंगच्या दोन बाजूंतला फरक मिनिटाला सुमारे ३० फेऱ्यांचा येतो. आता हीच गाडी सरळ महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने चालवा, पण मागचे टायर नवे आणि पुढचे ५ मिलिमीटर झिजलेले ठेवा. ३२५ मिलिमीटर त्रिज्येच्या चाकात हा फरक ढोबळमानाने दीड टक्का होतो. पुढच्या-मागच्या धुरेला जोडणारा प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला चार हजारांहून अधिक फेरे घेत असल्यामुळे दीड टक्का म्हणजे मिनिटाला सुमारे ६० फेरे. याचा अर्थ असा, की वळणावर काही सेकंद सोसावा लागणारा भार या गाडीचे कपलिंग दुपटीने, आणि तासन्‌तास, सोसत आहे. त्या वेळी ते ६० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर सुमारे ४०० वॅट उष्णता त्या बंद डब्यात सतत निर्माण होते.

म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावेत आणि हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे असावा. खात्रीसाठी सपाट जागी पुढच्या आणि मागच्या चाकावर खडूची खूण करा, गाडी सरळ रेषेत ढकला आणि प्रत्येक चाकाच्या १० फेऱ्यांत कापलेले अंतर मोजा. २० मीटरमागे २० सेंटिमीटर म्हणजे १ टक्का. त्याहून अधिक फरक मी स्वीकारत नाही. या मोजणीत एक मेख आहे. कपलिंग पूर्ण जाम झालेले असेल, तर ते पुढच्या आणि मागच्या चाकांना बळजबरीने सारखे फिरवते, टायर थोडे घासले जातात आणि मोजणी खोटी समानता दाखवते. झीज डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही अंतरे तंतोतंत जुळली, तर तो शुभशकुन समजू नये. फीत गुंडाळून परीघ स्वतंत्रपणे मोजावा.

वर्तुळाची चाचणी

कोरडी, सपाट, डांबरी किंवा काँक्रीटची मोकळी जागा निवडा. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असावी. आधी तुलनेसाठी सरळ रेषेत पहिल्या गिअरमध्ये, इंजिन आयडलवर ठेवून, गाडी चालू द्या. एका खुणेपाशी क्लच पूर्ण दाबा आणि गाडी स्वतःहून किती अंतर घरंगळते ते मोजा. मग स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून त्याच वेगाने वर्तुळात फिरा आणि पुन्हा क्लच दाबा. ऑटोमॅटिक गाडीत क्लचऐवजी न्यूट्रल टाकावे. डावीकडे, उजवीकडे आणि रिव्हर्समध्येही हे करा.

वर्तुळात गाडी सरळ रेषेपेक्षा कमी घरंगळणे नैसर्गिक आहे, कारण वळलेले टायर स्वतःच विरोध करतात. निरोगी कपलिंग असलेली गाडी मंद होत होत थांबते. जड कपलिंगची गाडी क्लच दाबताच कोणी पाठीमागून धरल्यासारखी जागीच थांबते, आणि फारच जड असेल, तर क्लच दाबण्यापूर्वीच आयडलवर इंजिन गुदमरू लागते. फक्त एकाच बाजूच्या वळणावर विरोध वाढत असेल, तर कपलिंगऐवजी ब्रेक किंवा जॉइंटकडे परत जा. कपलिंगला डावे-उजवे कळत नाही.

टी-३ सिंक्रोच्या मालकांसाठी एक सूचना: ही चाचणी ‘जी’ या अति-मंद गिअरमध्ये करू नये. त्या गिअरमध्ये चाकांवर येणारा जोर इतका असतो, की जवळजवळ जाम कपलिंगलाही इंजिन निमूटपणे ओढत नेते आणि चालकाला सगळे ठीक असल्याचा भास होतो. सुपर सिलेक्ट पद्धतीच्या गाडीत मात्र एक चांगली सोय आहे. तेच वर्तुळ आधी टू-एचमध्ये आणि नंतर फोर-एचमध्ये काढा. टू-एचमध्ये कपलिंग खेळातच नसते, म्हणून दोहोंतला फरक हा त्याचा विरोध मानता येतो. फोर-एचमधली गाडी लॉक केल्यासारखी अडखळू लागली, तर कपलिंग जड झाले आहे.

आता गाडी सुमारे ३० किलोमीटर, बराचसा भाग महामार्गाच्या वेगाने, चालवून आणा आणि न थांबता, त्याच जागी, त्याच क्रमाने सारी मापे पुन्हा घ्या. त्याच वेळी अवरक्त तापमापक हाताशी असेल, तर कपलिंगच्या आवरणाचे तापमान नोंदवा. टी-३ मध्ये ही नोंद विशेष बोलकी असते, कारण इंजिन आणि मुख्य गिअरबॉक्स मागे आहेत, पुढच्या डिफरन्शिअलवर साध्या रस्त्यावर फारसा भार नसतो आणि त्यावर वारा लागत असतो. असे असूनही तो हात ठेववणार नाही इतका तापला असेल, तर ती उष्णता कपलिंगमधूनच आली असावी, आणि पहिला प्रश्न पुन्हा टायरचाच विचारावा.

जॅक आणि दांड्याची चाचणी

वर्तुळाची चाचणी अनुभवावर चालते. ही मापावर चालते. आधी मालिकेतल्या रचनेची, म्हणजे टी-३ ची, कृती पाहू. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, गिअर घाला आणि इंजिन बंद ठेवा. एकच पुढचे चाक उचलून त्या बाजूला घोडी लावा. दुसरे पुढचे चाक जमिनीवरच राहील. आता उचललेले चाक फिरवायचे, तर डिफरन्शिअलच्या पेटीला फिरावे लागते, तिच्यामुळे पिनियनला (पेटीला जोडलेल्या लहान गिअरला), आणि पिनियन फिरण्यासाठी कपलिंगला आतून घसरावेच लागते, कारण त्याची दुसरी बाजू प्रोपेलर शाफ्टमार्फत मागच्या चाकांनी धरून ठेवली आहे.

चाकाच्या एका नटावर पाना बसवून, नट घट्ट होण्याच्या दिशेने, सुमारे १ मीटरचा दांडा आडवा राहील असा लावा. सैल होण्याच्या दिशेने लावल्यास चाकाऐवजी नटच फिरेल. दांडा आडव्याच्या ३० अंशांहून किंचित वर ठेवून गिअरमधला मोकळा खेळ आधी हाताने काढून टाका, मग टोकाला १० किलोचे वजन अडकवा. याने चाकावर सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. दांडा जड असेल, तर त्याच्या निम्म्या वजनाइतकी भर धरावी. हा आकडा त्या गाडीच्या नट घट्ट करण्याच्या नियत टॉर्कपेक्षा कमी आहे याची खात्री करून घ्या, अन्यथा वजन कमी करा. दांडा आडव्याच्या ३० अंश वरून ३० अंश खाली येईपर्यंत किती सेकंद लागतात, ते मोजा. याहून मोठा टप्पा घेतल्यास दांडा जसा उभा होत जातो तसा टॉर्क घटतो आणि तुलना बिघडते.

येथे एका गोष्टीची जाण हवी. उघड्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक जमिनीवर रोखलेले असताना पेटीवर चाकाच्या दुप्पट टॉर्क येतो आणि ती चाकाच्या निम्म्या वेगाने फिरते. गुणोत्तर ५ असल्यास कपलिंगवर प्रत्यक्षात येणारा टॉर्क सुमारे ३९ न्यूटन-मीटर असतो आणि चाकाच्या एका फेरीमागे कपलिंग अडीच फेऱ्या घसरते. गुणोत्तर वेगळे असलेल्या दोन गाड्यांचे सेकंद म्हणूनच थेट ताडून पाहता येत नाहीत. चकत्यांची संख्या आणि द्रवाची श्यानताही (दाटपणाही) प्रत्येक कपलिंगमध्ये निराळी असते. या चाचणीचे मोल एकाच गाडीच्या थंड आणि गरम नोंदींच्या, तसेच आजच्या आणि वर्षभरापूर्वीच्या नोंदींच्या तुलनेत आहे. तरीही तीन टोके कोणालाही ओळखता येतात. दांडा मधात बुडणाऱ्या चमच्यासारखा संथ, एकसारखा खाली आला, तर कपलिंग काम करत आहे. मिनिट उलटूनही तो हललाच नाही, तर ते जाम आहे. वजन लावताच तो धाडकन खाली पडला, तर आत द्रव उरलेला नाही किंवा फारच थोडा आहे. दांडा थांबत, झटके देत खाली येणे हेही वाईट लक्षण होय. त्यातून चकत्या एकमेकींवर घासत असल्याचा संशय येतो.

टी-४ सारख्या, कपलिंग मागे असलेल्या गाडीत हीच कृती मागच्या एका चाकावर करावी लागते. पण तिचा हँडब्रेक त्याच चाकांवर असल्यामुळे तो सोडावा लागतो, आणि गाडी धरून ठेवण्यासाठी गिअर आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या भक्कम उट्या एवढाच आधार उरतो. तो आधार पुरेसा आहे याची खात्री झाल्याशिवाय वजन अडकवू नये. काही सिंक्रो रचनांत फ्रीव्हीलही असते, म्हणजे एका दिशेने चालन आपोआप सुटते. अशा गाडीत चाक सहज फिरले, की दिशा बदलून पाहावे, मगच कपलिंग सैल म्हणावे.

सेंटर डिफरन्शिअल असलेल्या रचनेत गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आणि ट्रान्सफर लिव्हर फोर-एचमध्ये असणे अनिवार्य आहे. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ चालणार नाही, ‘एन’ हवे. कारण गिअर घातलेला असेल, तर सेंटर डिफरन्शिअलची पेटी इंजिनने धरलेली आणि मागची बाजू ब्रेकने धरलेली, अशा स्थितीत पुढची बाजू यांत्रिक नियमानेच हलू शकत नाही. कपलिंग ठणठणीत असूनही चाक दगडासारखे घट्ट लागते आणि चांगला भाग फेकून देण्याची वेळ येते. पुढच्या धुरेला जोडणारा क्लच गुंतलेला आहे ना, हेही पाहावे. तो सुटलेला असल्यास चाक मोकळे फिरेल आणि उलटी चूक होईल.

एक गोष्ट कोणत्याही रचनेत करू नये. एक धुरा हवेत आणि दुसरी जमिनीवर असताना इंजिनने चाके फिरवू नयेत. कपलिंग धरेल त्या क्षणी जमिनीवरची चाके ओढू लागतील आणि गाडी घोड्यांवरून उडी मारेल. याच कारणास्तव एका धुरेच्या ब्रेक-तपासणी रोलरवर अशी गाडी नेण्यापूर्वी तिथल्या तंत्रज्ञाला कल्पना द्यावी, आणि दोन चाके उचलून गाडी ओढून नेऊ नये.

नोंदी कशा वाचाव्यात

थंड असताना थोडे जड आणि गरम झाल्यावर हलके, हे निरोगी वर्तन आहे. द्रव तापून पातळ झाला, एवढेच. कडाक्याच्या थंडीत सकाळचा पहिला आकडा बराच वाढलेला दिसतो, म्हणून हवेचे तापमानही लिहून ठेवावे. थंड असताना ठीक पण गरम झाल्यावर जड, असे आढळले तर कपलिंग हंपच्या उंबरठ्यावर पोहोचत आहे. हा नमुना सर्वांत फसवा असतो. कार्यशाळेत रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तपासली की ती निर्दोष निघते आणि मालकाची तक्रार कोणाला पटत नाही. इथे आधी टायर दुरुस्त करावेत, काही दिवसांनी पुन्हा मोजावे, आणि तेव्हाही गरम आकडा वाढलेलाच असेल तरच द्रव खराब झाला असे म्हणावे. थंड आणि गरम दोन्ही वेळा जड असेल, तर द्रव दाटला आहे किंवा चकत्या अडकल्या आहेत. टायर बदलून ते सुधारणार नाही. दोन्ही वेळा हलके असेल, तर द्रव गेला आहे.

शाफ्ट काढून पडताळणी

मालिकेतल्या रचनेत निकाल पक्का करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे प्रोपेलर शाफ्ट काढून वर्तुळाची चाचणी पुन्हा करणे. फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) आणि शाफ्ट यांच्यावर जुळणाऱ्या खुणा करून ठेवा, म्हणजे परत बसवताना समतोल बिघडणार नाही. शाफ्ट काढताना गाडीला उटी लावलेली असू द्या. आणि गाडी हलवण्यापूर्वी फ्लँजच्या सीलमधून तेल गळत नाही ना ते पाहा. शाफ्ट काढल्यावर वळणावरचा विरोध नाहीसा झाला, तर दोष कपलिंगचा किंवा ते बसलेल्या डिफरन्शिअलचा आहे. तसाच राहिला, तर तुम्ही इतका वेळ चुकीच्या दारावर थाप देत होता.

शाफ्ट निघालेलाच आहे, तर त्याचे जॉइंट हाताने फिरवून पाहावेत. जड कपलिंगने अनेकदा त्यांचाही बळी घेतलेला असतो.

सेंटर डिफरन्शिअलच्या गाडीत मात्र शाफ्ट काढून ती फोर-एचमध्ये चालवू नये. एक बाजू मोकळी झाली, की इंजिनचा सारा टॉर्क कपलिंगमधून जाऊ लागतो, आणि ते त्यासाठी बनलेलेच नाही. थोड्याच वेळात ते तापून निकामी होते.

कपलिंग सैल असल्याचा संशय

ही तक्रार बहुधा अशी येते: ‘चिखलात पुढची चाके ओढतच नाहीत.’ आधी हे विचारावे, की नेमकी कोणती चाके फिरत होती. एक पुढचे आणि एक मागचे चाक हवेत किंवा निसरड्यावर असेल आणि तीच दोन फिरत असतील, तर कपलिंग आपले काम चोख करत आहे. कमतरता उघड्या डिफरन्शिअलची आहे आणि त्यावर उपाय लॉकचा. टी-३ मध्ये फक्त मागची चाके फिरत राहिली आणि पुढची दोन्ही स्वस्थ उभी राहिली, तरच कपलिंगकडे वळावे.

सुट्या खडीच्या हलक्या चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी सुरू करा आणि एकाला बाहेर, बाजूला सुरक्षित अंतरावर उभे करून पुढच्या चाकांकडे पाहायला सांगा. मागच्या चाकाची साधारण एखादी फेरी होईतो पुढची चाके ओढू लागली पाहिजेत. अनेक फेऱ्या होऊनही ती ढिम्म राहिली, तर कपलिंग क्षीण आहे. ही चाचणी काही सेकंदांपुरतीच करावी. लांबवली तर द्रव तापतो, हंप येतो आणि क्षीण कपलिंगही क्षणभर धरून दाखवते.

निदान झाल्यावर

बदलण्यापूर्वी संबंधित डिफरन्शिअलचे तेल स्वच्छ भांड्यात काढून पाहा. सिलिकॉन द्रव गिअर ऑइलमध्ये विरघळत नाही, म्हणून बोटांना निराळाच, विलक्षण गुळगुळीत लागणारा थर दिसला, तर गळतीचा पुरावा मिळतो. चुंबकावर धातूचा बारीक लगदा असणे सामान्य आहे. कण हाताला टोचत असतील, तर क्राउन-पिनियन (डिफरन्शिअलचे मुख्य गिअर) आणि बेअरिंग तपासल्याशिवाय नवे कपलिंग बसवण्यात अर्थ नाही.

घरी भोक पाडून द्रव काढण्याचा किंवा भरण्याचा प्रयोग करू नये. भरणाच्या प्रमाणात थोडा फरक पडला, तरी हंप कोणत्या तापमानाला येईल ते बदलते, आणि अंदाजाने भरलेले कपलिंग पहिल्याच लांब प्रवासात लॉक होऊ शकते. तज्ज्ञांकडून पुनर्बांधणी केलेले कपलिंग घेताना त्याची चाचणी कोणत्या टॉर्कला आणि कोणत्या तापमानाला झाली, ते विचारावे. ज्याच्यापाशी हे उत्तर नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये. काही मालक कपलिंगच्या जागी घन शाफ्ट आणि सोबत डिकपलर (चालन हवे तेव्हा सोडवणारी यंत्रणा) बसवतात. हा मार्ग वैध आहे, पण मग गाडी पार्ट-टाइम झाली हे ध्यानात ठेवून डांबरी रस्त्यावर चालन सोडवलेच पाहिजे. डिकपलरशिवाय घन शाफ्ट बसवणे म्हणजे ज्या रोगावर उपचार चालू होता, तोच कायमचा विकत घेणे होय.

नवे कपलिंग बसल्यावर पहिल्या आठवड्यातच जॅकची आणि वर्तुळाची चाचणी थंड व गरम अशी करून आकडे, टायरची झीज, किलोमीटर आणि हवेचे तापमान गाडीच्या वहीत लिहून ठेवा. टायर एक-दोन न बदलता चारही एकत्र बदला, आणि दरम्यान चाकांची जागा नियमित बदलत राहा, म्हणजे झीज सारखी होईल. स्टेपनी वेगळ्या मापाची किंवा पूर्ण नवी असेल, तर ती लावून फक्त जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत, हळू जावे; त्याहून लांब जाणे भाग पडल्यास टी-३ सारख्या गाडीत शाफ्ट काढून ठेवण्यात घालवलेला तासाभराचा वेळ स्वस्त पडतो.